‘सुखरूप’ या शब्दानंतर : युद्धातून वाचलेल्यांचे कथन आणि वृत्तलेखनाची नीती

१

युद्धक्षेत्रात अडकलेली आपली माणसे घरी परतली की मराठी वृत्तपत्रांत एक शब्द हमखास येतो : ‘सुखरूप’. ऑगस्ट १९९०मध्ये इराकने कुवेतवर आक्रमण केले आणि पुढच्या दोनएक महिन्यांत एअर इंडियाच्या विमानांनी लाखाहून अधिक भारतीयांना अम्मानहून मायदेशी आणले, तेव्हा तो आला. २०२२च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये युक्रेनमधील वैद्यकीय विद्यार्थी परतले, तेव्हाही तो आला. रत्नागिरी जिल्ह्यात तर हा शब्द घरगुतीच म्हटला पाहिजे. मुंबई बंदरातून जहाजांवर चढलेले खलाशी आणि पुढील पिढ्यांत आखाती देशांत नोकरीला गेलेले तरुण यांची पत्रे येथील अनेक घरांनी वाचली आहेत, आणि अशा पत्राच्या आरंभी हा शब्द नसेल तर घरच्यांचा जीव थाऱ्यावर राहत नसे.

पत्रातला ‘सुखरूप’ आणि बातमीतला ‘सुखरूप’ यांत मात्र भेद आहे. पत्रातला शब्द माहिती देण्यासाठी नसतो. तो काळजी मिटवण्यासाठी असतो. त्याच्यामागे काही दडलेले असू शकते, हे लिहिणारा आणि वाचणारा दोघेही जाणून असतात. म्हणूनच आई पत्र घडी करून ठेवते आणि मुलगा घरी आल्यावर त्याच्या अंगावरून हात फिरवून पाहते. बातमीत आल्यावर त्याच शब्दाचा निष्कर्ष होतो. माणूस गेला, अडकला, सुटला, कथा संपली. वाचलेल्या माणसाच्या दृष्टीने जेथे अवघड प्रकरण सुरू होते, नेमक्या त्याच ठिकाणी बातमी पूर्णविराम देते.

प्रस्तुत लेखात विचारावयाचा प्रश्न असा : युद्धातून जीव वाचवून आलेल्या सामान्य नागरिकाविषयी लिहिताना वृत्तलेखक त्याचे नेमके काय देणे लागतो? हा प्रश्न पत्रकारितेच्या आचारसंहितेचा म्हणून बाजूला सारता येत नाही. कथन कोठे थांबते, कोणाच्या तोंडून सुरू होते आणि कोणाच्या हातून आपल्यापर्यंत पोचते, हे सारे त्यात गुंतलेले आहे. तेवढ्यापुरता तो साहित्यविचाराचाही प्रश्न आहे. त्याच्या विचारासाठी मराठीत एक अपूर्व ग्रंथ उपलब्ध आहे, तो म्हणजे विष्णुभट गोडसे यांचा ‘माझा प्रवास’. आजवर त्याकडे प्रवासवर्णन, आत्मकथन किंवा १८५७च्या इतिहासाचे साधन म्हणून पाहिले गेले. येथे त्याकडे वेढ्यात सापडलेल्या एका नागरिकाचे वृत्तकथन म्हणून पाहावयाचे आहे.

२

मराठीत ‘वाचणे’ असे दोन क्रियाशब्द आहेत. एकाचा अर्थ अक्षरे वाचणे. दुसऱ्याचा जिवंत राहणे. जुन्या लेखनात दुसऱ्या शब्दावर अनुस्वार देत, ‘वांचणे’ असे लिहीत. १९६२च्या लेखनविषयक नियमांनी असे अनुच्चारित अनुस्वार गेले आणि दोन्ही शब्द कागदावर एकरूप झाले. ‘वांचणे’ या शब्दाचे नाते व्युत्पत्तिकार संस्कृतातील ‘वञ्च्’ या धातूशी जोडतात. ‘वंचना’ हा शब्दही त्याच धातूचा. चुकवणे, हुलकावणी देणे, वाकड्या वाटेने निसटणे अशा छटा या कुळात आहेत. व्युत्पत्ती म्हणजे पुरावा नव्हे, हे मान्य. तरीही जिवंत राहण्याच्या क्रियेत कोणाला तरी, कशाला तरी चुकवणे असते, याची जाणीव भाषेच्या तळाशी असावी, हे लक्षात घेण्याजोगे आहे. ‘सुखरूप’ या शब्दात ती जाणीव मुळीच नाही.

आता दोन माणसे शेजारी ठेवून पाहू. मार्च १८५८मध्ये लंडनच्या ‘टाइम्स’चा बातमीदार विल्यम हॉवर्ड रसेल हा सर कॉलिन कॅम्पबेलच्या सैन्याबरोबर लखनौत होता. क्रिमियन युद्धातील पत्रांनी त्याचे नाव झालेले होते. कैसरबागेची लूट त्याने डोळ्यांनी पाहिली आणि ती निर्भीडपणे लिहिली. आपल्याच सैन्याच्या वर्तनाविषयी त्याने बाळगलेला संकोच प्रामाणिक होता. त्याच महिन्यात सर ह्यू रोजच्या सैन्याने झांशीला वेढा घातला. त्या वेढ्यात कोकणातील पेणजवळच्या वरसई गावचा एक तिशीतला भिक्षुक आपल्या चुलत्यासह अडकलेला होता. तो युद्ध पाहावयास गेलेला नव्हता. घरावर कर्ज होते. बायजाबाई शिंदे मथुरेस मोठा यज्ञ करणार असल्याचे ऐकून तो दक्षिणेच्या आशेने १८५७मध्ये उत्तरेकडे निघाला होता. वाटेत महूजवळ त्याला शिपायांकडून येऊ घातलेल्या उठावाची कुणकुण लागली, तरी तो पुढे गेला.

रसेलने लूट पाहिली ती लुटणाऱ्यांच्या बाजूने, अंगणात उभे राहून. गोडसे भटजींनी ती घरात दडून पाहिली. रसेलचा मजकूर काही आठवड्यांत लंडनच्या वाचकांपुढे आला. भटजींनी आपली हकीकत लिहिली १८८३च्या सुमारास, म्हणजे सुमारे पंचवीस वर्षांनी, तीही चिंतामणराव वैद्य यांच्या आग्रहावरून. ती छापली गेली १९०७ साली, ते हयात नसताना. आणि मूळ हस्तलिखितावरून दत्तो वामन पोतदारांनी सिद्ध केलेली प्रत निघाली १९६६ साली. वेढ्यापासून मोजल्यास एकशे आठ वर्षे लागली. हा विलंब योगायोगाचा नाही. लॉर्ड कॅनिंगने जून १८५७मध्येच मुद्रणावर निर्बंध घालणारा कायदा केला होता. तो एका वर्षापुरता होता. पण सत्तावनाविषयी लिहिताना वाटणारी भीती त्या वर्षाबरोबर संपली नाही. आक्रमक सैन्याबरोबर चालणाऱ्या बातमीदाराला वाहन, टपाल आणि छापखाना मिळतो. वेढ्यातल्या माणसाला जीव वाचवून पंचवीस वर्षे थांबावे लागते. वृत्तलेखनाच्या नीतीचा विचार या विषमतेपासून सुरू व्हावयास हवा.

३

पदव्युत्तर वर्गात ‘माझा प्रवास’ शिकवताना एक अनुभव मला पुनःपुन्हा आला आहे. झांशीच्या संहाराचे वर्णन चाललेले असते. गल्ल्यांतून माणसे मारली जात आहेत. गवताच्या गंजीत लपलेल्यांवर आग येते. विहिरीत उतरलेल्यांना वर डोके काढताच गोळी लागते. वर्ग स्तब्ध असतो. मग भटजी लुटीचा क्रम सांगू लागतात : आधी सोनेनाणे गेले, नंतर तांब्यापितळेची भांडी, पुढे कापडचोपड आणि धान्य. दक्षिणेचा हिशेब, लुटले गेलेल्या पैशाची हळहळ, स्नानसंध्या आणि जेवणाची चिंता हे सारे त्याच ओघात येते. येथे वर्गात हमखास हसू उमटते. भोवती शहर जळत असताना हा गृहस्थ भांडी मोजतो आहे, असे त्या हसण्याचे तात्पर्य असते.

हे हसू मी बरीच वर्षे निरागस मानत होतो. आता तसे मानत नाही. आपण वाचलेल्या माणसाकडून काय अपेक्षितो, ते त्यातून उघड होते. त्याने रडावे, शौर्य सांगावे, निदान मृतांविषयी भव्य काही बोलावे, अशी आपली अपेक्षा असते. भांडी मोजणे त्या अपेक्षेत बसत नाही. परंतु वेढ्यात जगणे म्हणजे प्रामुख्याने मोजणेच होय. घरात धान्य किती, पाणी कोठून आणावे, दार किती वेळ टिकेल, जवळची रक्कम दाखवावी की लपवावी, हाच त्या काळातील विवेक असतो. लुटीचा क्रम नीट ध्यानात ठेवणाऱ्या माणसाने खरे म्हणजे एक महत्त्वाची गोष्ट टिपली आहे. शहर एका दिवसात लुटले जात नाही; ते थराथराने सोलले जाते, आणि शेवटचा थर धान्याचा असतो. मौल्यवान वस्तू गेल्या तेव्हा घर गरीब झाले. धान्य गेले तेव्हा वाचलेल्यांचे वाचणे धोक्यात आले. असा तपशील विजयी सैन्याच्या अहवालात येत नाही. वीरगाथेतही तो येत नाही.

वीरगाथेचा उल्लेख सहेतुक आहे. ‘माझा प्रवास’ छापून निघाला त्याच सुमारास लंडनमध्ये विनायक दामोदर सावरकर सत्तावनाचा इतिहास स्वातंत्र्यसमर म्हणून लिहीत होते. १९०९ साली आलेल्या त्या ग्रंथावर सरकारने बंदी घातली. तेच सावरकर पुढे १९२४ ते १९३७ या काळात रत्नागिरीत स्थानबद्ध होते. त्या ग्रंथाचे प्रयोजन वेगळे होते आणि पराभूत समाजाला अशा ग्रंथाची गरजही असते. पण समराच्या इतिहासात माणसे लढतात किंवा मरतात. केवळ वाचतात त्यांना तेथे जागा नसते. भटजी लढले नाहीत, मेले नाहीत. त्यांनी राणीचे दर्शन घेतले, तिच्याविषयी आदराने लिहिले आणि झांशी पडल्यावर जीव घेऊन बाहेर पडले. पुढे वाटेत लुटले गेले, पुन्हा कमावले, पुन्हा लुटले गेले. अखेर गंगेच्या पाण्याची कावड घेऊन गावी आले आणि त्या पाण्याने त्यांनी आईवडिलांना स्नान घातले. ज्यासाठी निघाले होते ते द्रव्य हाती राहिले नाही. अशा परतण्याला ‘सुखरूप’ म्हणावे काय? हातीपायी धड आले, एवढेच म्हणता येईल.

ज्या दिवशी वर्ग हसला, अशा एका दिवशी राजिवड्याकडची एक विद्यार्थिनी हसली नव्हती. तास संपल्यावर ती थांबली. तिचे आजोबा १९९०मध्ये कुवेतहून परतलेले. परतलेल्यांच्या एका समूहाचे वृत्तपत्रीय छायाचित्र त्यांच्या घरी काचेत लावलेले होते. खाली ठरलेला शब्द. आजोबांना त्या दिवसांविषयी विचारले की ते एकच वाक्य बोलत : ‘बसमध्ये जागा मिळाली.’ कुवेतहून बसरा, बगदाद आणि तेथून वाळवंटातून अम्मान असा तो रस्ता होता. जागा कशी मिळाली, कोणाला मिळाली नाही, हे त्यांनी कधी सांगितले नाही. आणि आता ते हयात नव्हते. तिने मला विचारले, “सर, आम्ही विचारायला हवं होतं का?” मला तेव्हा उत्तर देता आले नाही. हा लेख त्या प्रश्नाच्या ऋणातून लिहिला आहे.

४

उत्तराची एक बाजू स्पष्ट दिसते. जो वाचला त्याला न विचारण्याचा हक्क आहे. बसमधील जागा मर्यादित असतात. ज्याला एक मिळाली त्याने ती, इच्छेने वा अनिच्छेने, दुसऱ्या कोणाच्या वाट्याची घेतलेली असू शकते. त्याला हे बोलावयास लावणे म्हणजे ज्या परिस्थितीत निवड मुळात शक्यच नव्हती तिचा जबाब त्या एकट्याकडून घेणे होय. बातमीदाराने सूक्ष्मदर्शक घेऊन त्याच्या क्षुद्रतेचा शोध घ्यावा, यात सत्यप्रेम कमी आणि निर्दयता अधिक असते. जीव वाचवताना माणूस खोटे बोलतो, शेजाऱ्याला पाठीमागे ठेवतो, मिळेल ते घेतो. हे छापून त्याचा पुढला जन्म अवघड करण्याचा अधिकार वृत्तपत्राला कोणी दिला? या दृष्टीने पाहता ‘सुखरूप’ हा शब्द दयाळू ठरतो. तो वाचलेल्याच्या अंगावर पांघरूण घालतो.

हा आक्षेप मला गंभीर वाटतो, आणि त्याला उत्तर देताना दोन क्रियांत भेद करणे आवश्यक आहे : मौन राखणे आणि सजवणे. मौन राखणारा लेखक एक जागा मोकळी ठेवतो, आणि ती मोकळी असल्याचे वाचकाला कळू देतो. सजवणारा लेखक तीच जागा भरून टाकतो. धैर्याने, देशप्रेमाने, ईश्वरी कृपेने किंवा नुसत्या ‘सुखरूप’ने. मौनामुळे वाचलेल्याचे रक्षण होते. सजावटीमुळे मुख्यतः वाचकाचे रक्षण होते, त्याला अस्वस्थ व्हावे लागत नाही. दोन्ही ठिकाणी मजकूर वगळलेलाच असतो. परंतु एका ठिकाणी वगळणे दिसते, दुसऱ्या ठिकाणी दिसत नाही. नीतीचा प्रश्न किती सांगितले याचा नाही. न सांगितलेल्याची खूण ठेवली की पुसली, याचा आहे.

‘माझा प्रवास’च्या संपादनाचा इतिहास या भेदाच्या प्रकाशात पुन्हा पाहता येतो. वैद्यांचे ऋण मोठे आहे. त्यांनी भटजींना लिहिते केले, हस्तलिखित जपले, योग्य काळाची वाट पाहिली. ते नसते तर हा ग्रंथच नसता. तथापि १९०७च्या प्रतीत त्यांनी भटजींची भाषा ग्रांथिक वळणाची केली आणि मजकुरातही बदल केले. राजद्रोहाच्या खटल्यांचा तो काळ पाहता सावधगिरी समजण्याजोगी आहे, आणि भाषा ‘शुद्ध’ करणे हे त्या पिढीला कर्तव्यच वाटे. अडचण बदल केल्याची नाही. कोणती जागा भटजींची आणि कोणती संपादकाची, हे वाचकाला कळण्याचा मार्ग राहिला नाही, ही अडचण आहे. जवळजवळ साठ वर्षे मराठी वाचक एका संस्कारित आवाजाला साक्षीदाराचा आवाज समजत आले. पोतदारांच्या प्रतीने आपल्याला नवी घटना दिली असे नव्हे; तिने साक्षीदार आणि संपादक यांच्यामधील सांधा दृश्य केला. कीर्तन-पुराण सांगणाऱ्या भिक्षुकाच्या बोलीतील, मोडीच्या सवयीने वाहणारी ती लांबलचक वाक्ये वाचली की कळते, या माणसाला भय आणि भाकरी वेगळ्या परिच्छेदांत मांडता येत नव्हती. ती वेगळी करणे ही आधीच एक व्याख्या आहे.

हाच व्यवहार आपल्या काळात वेगळ्या माध्यमांतून चालतो. कुवेतच्या सुटकेवर २०१६ साली ‘एअरलिफ्ट’ हा हिंदी चित्रपट आला. लाखभर माणसांच्या परतण्याला त्याने रणजित कट्याल हा कल्पित नायक दिला. चित्रपटाला नायक हवा असतो, हे खरे. परंतु आज त्या घटनेची सार्वजनिक स्मृती बव्हंशी त्या नायकाच्या चेहऱ्याने उरली आहे, आणि ‘जागा मिळाली’ एवढेच बोलणारा राजिवड्याचा म्हातारा त्या स्मृतीत बसत नाही. असंख्यांचे गोंधळलेले वाचणे एकाच्या वाचवण्यात रूपांतरित करणे, ही सजावटीची सर्वांत प्रचलित पद्धत होय.

५

मग वृत्तलेखकाने काय करावे? दोन दाखले उपयोगी पडतील. ऑगस्ट १९४६मध्ये ‘न्यूयॉर्कर’ या साप्ताहिकाने आपला एक पूर्ण अंक जॉन हर्सी याच्या ‘हिरोशिमा’ या लेखाला दिला. अणुबॉम्बमधून वाचलेल्या सहा व्यक्तींच्या दिनक्रमाचा तो वृत्तान्त होता. त्या लेखाची भाषा मुद्दाम सपाट ठेवलेली आहे आणि निष्कर्ष वाचकावर सोपवलेला आहे, हे सर्वश्रुत आहे. मला अधिक महत्त्वाचे वाटते ते हे, की हर्सी १९८५मध्ये पुन्हा त्याच सहा जणांच्या आयुष्यांकडे वळला. वाचल्यानंतरची चाळीस वर्षे, त्यांतले आजार, लग्ने, रोजगार, विस्मरण हे सारे त्याने नव्याने लिहिले. ‘वाचलेले’ अशी संज्ञा जपानी लोक टाळत, कारण जिवंत राहण्यावर जोर दिल्याने मृतांचा उणेपणा होईल असे त्यांना वाटे, याची नोंद त्याने तेथे केली आहे. त्याऐवजी ‘स्फोटाने बाधित’ अशा अर्थाचा ‘हिबाकुशा’ हा शब्द रूढ झाला. एका समाजाने ‘सुखरूप’सारखा शब्द जाणूनबुजून नाकारला, हे आपण ध्यानात घ्यावयास हवे.

दुसरा दाखला गाझाचा. ऑक्टोबर २०२३नंतरच्या युद्धात परदेशी बातमीदारांना तेथे स्वतंत्रपणे जाऊ दिले गेले नाही. त्यामुळे जगाला मिळालेले वृत्त बहुतांशी अशा बातमीदारांनी दिले, जे स्वतःच वेढ्यातले नागरिक होते; सकाळी पीठ-पाणी शोधावयाचे, मग बातमी पाठवावयाची. त्यांतले पुष्कळ मारले गेले. रसेल आणि गोडसे भटजी यांच्यातील जे अंतर आपण वर पाहिले, ते येथे एकाच देहात मिटले. अशा बातमीदाराकडे तटस्थता नाही अशी तक्रार ऐकू येते. ती करणारे हे विसरतात, की सैन्याबरोबर चालणाऱ्याची तटस्थताही एका विशिष्ट जागेवरूनच आलेली असते.

अर्थात वेढ्यातला साक्षीदार म्हणजे पूर्ण सत्य नव्हे. गोडसे भटजींनाही सारे दिसले नाही. त्यांच्या कथनात ओळखीची ब्राह्मणघरे जेवढी ठळक आहेत तेवढ्या इतर वस्त्या नाहीत. स्त्रियांचे भय बहुधा पुरुषाच्या नजरेतून येते. पंचवीस वर्षांच्या स्मृतीत ऐकीव आणि पाहिलेले यांची सरमिसळ झालेली आहे. पण ही मर्यादा त्यांनी लपवलेली नाही. आपण कोण, कशासाठी निघालो, कोठे दडलो, हे ते सांगत जातात. म्हणून त्यांना काय दिसणे शक्य नव्हते, याचाही अदमास वाचकाला बांधता येतो. आपली जागा उघड करणारा साक्षीदार अपुरा असला तरी फसवत नाही.

यावरून काही गोष्टी हाती लागतात. बातमीदाराने विचारावे, न विचारणे हे पुष्कळदा आदराच्या नावाखाली चाललेले औदासीन्य असते. परंतु उत्तर मिळाले नाही तर त्या जागी आपले उत्तर घालू नये. क्षुल्लक वाटणारे तपशील, भांडी, पैसे, बसमधील जागा, वगळू नयेत, कारण वाचण्याची क्रिया त्यांतूनच घडलेली असते. आणि परतीच्या छायाचित्रानंतर केव्हातरी पुन्हा त्या घरी जावे, जसा हर्सी गेला. हे सारे प्रत्येक बातमीत शक्य नाही, हे मला ठाऊक आहे. दैनिकाला दुसऱ्या दिवशी दुसरी बातमी हवी असते. पण जे शक्य नाही ते केले आहे, असा भास तरी शब्दाने निर्माण करू नये.

त्या विद्यार्थिनीला मी आज उत्तर देऊ शकेन असे वाटते. होय, विचारावयास हवे होते. आणि आजोबांनी तेच एक वाक्य पुन्हा उच्चारले असते तर ते तसेच्या तसे लिहून ठेवावयास हवे होते. त्यात भर घालण्याची गरज नव्हती. ‘बसमध्ये जागा मिळाली’ या वाक्यात कृतज्ञता आहे, ओशाळेपण आहे, आणि ज्याला जागा मिळाली नाही असा कोणीतरी आहे. छायाचित्राखालच्या शब्दात तो नव्हता. ती पुढे आपल्या मोहल्ल्यातील आखातातून परतलेल्या वृद्धांच्या कथनांवर प्रबंधिका लिहू लागली. पहिल्या मुलाखतीचे टिपण तिने दाखवले, तेव्हा त्यात दोन ठिकाणी नुसती रेघ ओढून पुढे लिहिले होते : ‘येथे काही बोलले नाहीत.’ मी त्या दोन्ही रेघा तशाच ठेवावयास सांगितल्या.